रविवारच्या मिस्साच्या आठवणी: कोणाचं खरं धरायचं?

वाडीवरची: वसईतल्या आजी, मावशी, मामा यांच्या लहानपणीच्या रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, आठवणी घरातल्या मुलांसाठी लिहून काढतेय. चर्च एकच, पण जुळत काहीच नाही. आजी म्हणते, कम्युनियन म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घ्यायची, तर रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही. मावशी म्हणते, उपवास बारापासूनच, पण पाणी चालायचं. मामाला उपाशी राहिल्याचंच आठवत नाही.

पायरीचा दगड: तिघांचंही धरा, नियमच बदलत गेला. 1953 पर्यंत मध्यरात्रीपासून अन्नपाणी बंद. 1953 ला पाण्याची मोकळीक मिळाली, 1957 ला मध्यरात्र जाऊन तीन तास आले, 1964 ला एक तास. तोच आजही आहे. मामा 64 नंतर कम्युनियन घ्यायला लागलेले असणार. घरून निघून कम्युनियनपर्यंत तास आपोआपच भरतो, जाणवणार कसा?

मेख एकच: उपवास फक्त कम्युनियन घेणाऱ्याला. पहिलं कम्युनियन साधारण सातव्या वर्षानंतर. म्हणजे भूक आठवणारं मूल तेव्हा सातच्या पुढचं होतं. चार वर्षांच्या पोराला पेज पाजून न्यायला कसलीच आडकाठी नव्हती.

दुसरी घंटा: भाषेवरून साल काढायला जाल तर फसाल. मिस्सातली जुनी लॅटिन काही एका रविवारी गेली नाही. 1965 च्या सुमारास थोडं थोडं लोकभाषेत आलं, नव्या पद्धतीची मिस्सा 1969 च्या अखेरीस, मधे सगळी खिचडी. त्यापेक्षा हे विचारा: फादरची पाठ दिसायची की चेहरा? कम्युनियन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून की रांगेत उभं राहून? शुभवर्तमानाआधी, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या उताऱ्याआधी, बायबलमधलं वाचन एक की दोन? रविवारी दोन असतील तर नवी मिस्सा.

आणि आजीला टाळूला चिकटलेल्या कम्युनियनच्या भाकरीबद्दल जरूर विचारा. तेव्हा ती जिभेवरच देत, हनुवटीखाली वेदीसेवकाची, म्हणजे फादरच्या मदतनीसाची, तबकडी. दात लावायचा नाही, बोट तर नाहीच. रात्रीपासून पाणी नाही, तोंड कोरडं, त्यामुळे ती पातळ चकती टाळूला गच्च बसायची. जिभेने हळूहळू सोडवायची, तोवर प्रार्थनेकडे कोणाचं लक्ष!

पायरीचा दगड: वयाचा अंदाज करत बसू नका. बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या ऑफिसात नोंदवही असते. नाव, आईवडिलांची नावं आणि अंदाजे साल घेऊन जा, मागची-पुढची दोन वर्षंही बघायला सांगा. हाक मारायचं नाव वहीत सापडत नाही, बाप्तिस्म्याचंच लागतं. आडनाव लोपेस, लोपीस, कसंही लिहिलेलं असतं, तेव्हा आईच्या नावावरून पडताळा.

वाडीवरची: म्हणजे बारापासून उपवास पण पाणी चालू, हे 53 ते 57 मधलंच. मावशी तेव्हा सातच्या पुढे धरली तर जन्म 1950 किंवा त्याआधीचा. आधार कार्डावर 1953 आहे. वही बघावीच लागणार.