८ इनिंग परफेक्ट, आणि तरी ओचिआइंनी पिचर बदलला: बरोबर की चूक?

मिसोकात्सु
नागोयात येऊन ६ वर्षं झाली. हापिसात जेवणाच्या सुट्टीत दोन विषय काढायचे नाहीत, हे पहिल्या महिन्यातच कळलं: पगार आणि १ नोव्हेंबर २००७. पगारावर निदान कुजबुज तरी होते. दुसऱ्या विषयावर एरवी अबोल असणारी पन्नाशीतली माणसं चॉपस्टिक खाली ठेवून भांडतात. म्हटलं, आपल्या मंडळींपुढेही टाकावा.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. सामना ९ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी, तिघे बाद झाले की पाळी संपली. जपानमध्ये दोन लीग, सेंट्रल आणि पॅसिफिक. दोन्हींकडचा एकेक संघ वर्षाअखेरीस जपान सिरीजमध्ये भिडतो, ७ पैकी ४ सामने आधी जिंकेल तो विजेता. १९५० पासून हे चालू आहे. नागोयाचा संघ चुनिची ड्रॅगन्स. १९५४ ला एकदा जिंकले आणि त्यानंतर ६ वेळा सिरीजपर्यंत पोचून सहाही वेळा हात हलवत परत आले. २००६ ला निप्पॉन-हॅम फायटर्सनी ४-१ असं धुतलं. २००७ ला पुन्हा तेच दोघे समोरासमोर.

या वेळी ड्रॅगन्स ३-१ ने पुढे. पाचवा सामना घरी, नागोया डोममध्ये. फायटर्सचा पिचर २१ वर्षांचा दार्विश यू. त्याने ७ इनिंगमध्ये ११ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, पण दुसऱ्या इनिंगला हिराताच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (स्वतः झेलबाद होऊन साथीदाराला धाव काढू देणारा फटका) एक धाव गेली. अख्ख्या सामन्यात तेवढीच. आणि आमचा यामाइ दाइसुके? ८ इनिंग, ८६ चेंडू, २४ बॅटर आले आणि २४ परत गेले. पहिल्या बेसवर कुणाचा पाय लागला नाही. आणखी तिघे बाद झाले की परफेक्ट गेम, जो जपान सिरीजमध्ये कुणालाच जमला नव्हता. अमेरिकेच्या वर्ल्ड सिरीजमध्येही एकदाच झालाय, १९५६ साली, डॉन लार्सनचा.

नववी इनिंग. सगळं स्टेडियम यामाइच्या नावाने ओरडतंय. मॅनेजर ओचिआइ हिरोमित्सु बाहेर येतात आणि पंचांना सांगतात, पिचर बदल. इवासे. इवासेने तिघांना गुंडाळलं, ५३ वर्षांनी कप घरी आला, आणि भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे.

माझं मत: ओचिआइ बरोबर. धाव एकच, आघाडी काचेची. शेवटची इनिंग इवासेची हे वर्षभर ठरलेलं. तिथे हरले असते तर पुढचे दोन सामने साप्पोरोत, त्यांच्या घरी. मॅनेजरला कप आणायला ठेवलं होतं, विक्रम जमवायला नाही.

पेठेतली_सेन्सेई
चूक. साफ चूक. मी पुण्यात जपानी शिकवते. हा किस्सा वर्गात सांगितला की दरवर्षी वर्गाचे दोन तट पडतात, त्यामुळे माझी तयारी चांगली आहे. :)

तुम्ही १-० सांगता, पण ३-१ विसरता. चार विजयांपैकी तीन खिशात होते, हरले असते तरी आणखी दोन संधी. एवढी शिल्लक असताना जुगार खेळायचा नाही, तर कधी खेळायचा? आणि जुगार तरी कसला! ज्याने २४ जणांना घरी पाठवलं, त्याच्याबद्दल पंचविसाव्याची धास्ती?

मिसोकात्सु
ताई, '३-१ ने पुढे' हे ज्यांनी ५३ वर्षं वाट पाहिली त्यांना सांगू नका. १९५८ च्या जपान सिरीजमध्ये निशितेत्सु लायन्स पहिले तीन सामने हरले होते. मग त्यांचा पिचर इनाओ काझुहिसाने एकट्याने चार जिंकून दिले. 'देवा, बुद्धा, इनाओ!' असा धावा तेव्हापासून जपानी भाषेत रुळलाय. शिल्लक अशीच उडते.

शिवाय यामाइच्या बोटाला फोड आला होता, तो फुटून रक्त येत होतं. 'बदला' असं त्यानेच सांगितल्याचं पिचिंग कोच मोरींनी नंतर सांगितलंय.

पेठेतली_सेन्सेई
नंतर! तोच शब्द महत्त्वाचा. आणि जपानी संघातला पोरगा कोचने विचारल्यावर 'नाही, मीच टाकणार' असं म्हणेल? तुम्ही ६ वर्षं तिथे नोकरी करताय. तुमचे साहेब 'आज थांबायला जमेल ना?' विचारतात, तेव्हा तुम्ही काय उत्तर देता?

रक्ताचं म्हणाल तर १९५९ ची जपान सिरीज. नानकाइ हॉक्सचा पिचर सुगिउरा तादाशी, बोटाला रक्ताचा फोड, आणि जायंट्सविरुद्धचे चारच्या चार सामने त्याच्या नावावर.

मिसोकात्सु
साहेबांचा बाण लागला. :(
पण सुगिउराची गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९५९ च्या मोसमात त्याचे ३८ विजय आणि ४ पराभव. १९६१ ला उजव्या हाताची रक्तवाहिनी तुंबली, शस्त्रक्रिया झाली, पुन्हा तो सुगिउरा दिसला नाही. इनाओचंही तेच, १९६४ साली एकही विजय नाही. आपण ज्याला शौर्य म्हणतो त्याचं बिल दुसरंच कुणीतरी भरतं.

कोल्हापुरी_रस्सा
बेसबॉलातलं ओ की ठो कळत नाही, पण दुखणं ओळखीचं आहे. आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं! १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाताच्या अंतरावर. आणि काठियावाडवाले सामना सोडून निघून गेले. आजोबा सांगताना अजून दात-ओठ खायचे.

पण तो डाव समोरच्यांनी मोडला हो. इथे घरच्याच माणसाने मोडला. हे जास्त वाईट. सेन्सेईताईंना अनुमोदन.

तिरकस
चला, निंबाळकर आले. आता मुलतान कोण काढतंय याची वाट बघत पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

न्यूजर्सीचा_बाळू
मुलतानच्या आधी वर्ल्ड सिरीज २०२०, सहावा सामना. टॅम्पा बेचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना नाचवत होता, ९ स्ट्राइकआउट, फक्त ७३ चेंडू. मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं, कारण आकडे म्हणत होते की तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला ओळखू लागतो. त्याच्या जागी आलेल्या अँडरसनने लगेच आघाडी घालवली, सिरीज गेली. आजही इकडे कॅशचं नाव काढलं की लोक कपाळाला हात लावतात.

आता मला सांगा, ओचिआइ आणि कॅश यांनी वेगळं काय केलं? इवासे चालला, अँडरसन नाही चालला, इतकंच. निकाल बघून शहाणपण ठरवायचं असेल तर वाद कशाला घालायचा?

मिसोकात्सु
फरक आहे, बाळूशेठ. कॅशने सहाव्या इनिंगमध्ये काढलं. ओचिआइंनी नवव्यात, तेही ज्याचं कामच नववी इनिंग आहे अशा माणसासाठी. इवासे निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४०७ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवलेले सामने) होते. हा काही कुठला हौशी बदली खेळाडू नव्हे.

आणि ओचिआइंना विक्रमाची किंमत कळत नव्हती असं कुणी म्हणू नये. स्वतः ३ वेळा तिहेरी मुकुट (एकाच मोसमात सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवलेला बॅटर आहे तो.

पेठेतली_सेन्सेई
म्हणूनच तर राग येतो! न कळणाऱ्याला माफ करता येतं.

२०२२ चा पिचर सासाकी रोकी आठवा. १० एप्रिलला १९ स्ट्राइकआउटसह परफेक्ट गेम. पुढच्याच आठवड्यात पुन्हा ८ इनिंग परफेक्ट, १०२ चेंडू, आणि मॅनेजर इगुचींनी काढलं. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण पोरगा २० वर्षांचा, मोसम नुकता सुरू झालेला, हात राखायलाच हवा. यामाइचा हात कशासाठी राखला? जिंकले की जपान सिरीज तिथेच संपत होती.

नाहीतर २०१३ च्या जपान सिरीजमधले, सेंदाइच्या राकुतेन संघाचे मॅनेजर होशिनो बघा. त्यांचा पिचर तानाका मासाहिरो सहाव्या सामन्यात १६० चेंडू टाकून हरला. दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्याच्या शेवटच्या इनिंगला होशिनोंनी त्यालाच आणलं. २०११ च्या भूकंपातून सावरणारं सेंदाइ, वर्षभर २४-० राहिलेला पिचर, पावसात भिजत गाणारे लोक. हिशेबाने बघाल तर मूर्खपणा. पण राकुतेनचा तो कप म्हटलं की लोकांना ती १५ चेंडूंची इनिंगच आठवते.

मिसोकात्सु
आणि २०१४ च्या जुलैत तानाकाच्या कोपराचा स्नायुबंध फाटला. त्यामुळेच असं म्हणत नाही, पण मनात येतंच.

तुमचा हात राखण्याचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. हापिसातले आमचे विरोधी पक्षनेतेही नेमके तिथेच अडतात. यामाइने २०१३ ला नो-हिटर (सामनाभर एकही हिट नाही, पण इतर कारणांनी बॅटर बेसवर जाऊ शकतो) टाकला, भरपाई झाली, असं मी त्यांना म्हणालो होतो. दोन दिवस बोलले नाहीत.

पेठेतली_सेन्सेई
बरोबरच केलं त्यांनी. नो-हिटर म्हणजे परफेक्ट गेम नव्हे. आणि दोघांनी मिळून केलेला परफेक्ट गेम जपानच्या अधिकृत यादीत धरतही नाहीत. तळटीप म्हणून राहिलाय तो.

तिरकस
बरं, कुणीच काढत नाही तर मीच काढतो. मुलतान २००४, सचिन १९४ नाबाद, द्रविडने डाव घोषित केला. भारत डावाने जिंकला. तरी २२ वर्षांनी आमच्या घरी द्रविडचं नाव निघालं की बाबा चॅनेल बदलतात. कप आणि विक्रम या दोन वेगळ्या भुका आहेत, एकीने दुसरी भागत नाही.

बोरिवली_स्लो
सगळं वाचलं. एक बाळबोध प्रश्न. सगळे यामाइ आणि ओचिआइंबद्दल बोलताय. त्या इवासेचं काय? जिंकला तर श्रेय यामाइचं. एक चेंडू चुकून एखादा बॅटर बेसवर गेला असता, तर परफेक्ट गेम घालवणारा म्हणून जन्मभर तोच. त्या क्षणी मैदानात सगळ्यात वाईट जागा त्याचीच नव्हती का? त्याला कुणी विचारलं होतं?

मिसोकात्सु
अरे देवा. ६ वर्षांत हे मी कधी विचारलंच नाही. आमचे विरोधी पक्षनेते त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. यामाइने टाकलेला चेंडू न् चेंडू सांगतात, पण नवव्या इनिंगबद्दल एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

उद्या विचारतो. जेवणानंतर.