मदत हवी आहे: मुलुंडच्या प्लॉटची विभागणी, अर्जाआधी कुठे विचारावं?

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आजोबांचा साधारण 1,150 चौ. मी.चा प्लॉट आहे. मिळकत पत्रिकेवर बाबा आणि दोन्ही काकांची नावं. आता तिघांना वेगवेगळे तुकडे हवेत. घरात एकमत झालंय (हेच मोठं नवल!), काकांनी तर विहिरीपासून फणसापर्यंत चुन्याची रेघही मारून ठेवलीय.

पण अडचण अशी की मागच्या तुकड्याला रस्ता फक्त बोळातून. शिवाय डीसीपीआर 2034 (मुंबईची विकास नियंत्रण नियमावली) प्रमाणे 1,001 चौ. मी.च्या वरच्या लेआउटला 15 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे आमचे 172 चौ. मी. गेलेच. डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉटवर काय दाखवलंय, त्याचा पालिकेचा दाखला) काढलाय.

आर्किटेक्ट म्हणतो, थेट अर्ज टाकू, त्रुटी आल्या की बघू. मला ते पटत नाही. फी भरून, मोजणी करून मग "रस्ता अपुरा" ऐकायचं?

कच्चा नकाशा घेऊन पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात आधी कुणी भेटलंय का? तोंडी सांगतात, की लेखी काही मिळतं? आणि नगर भूमापन कार्यालयात पोटहिस्सा मोजणी (प्रत्येक तुकड्याची वेगळी मोजणी) आधी, की पालिकेची मंजुरी आधी? उपनगरातला अनुभव असेल तर प्लीज सांगा.