शब्दचर्चा : टोकनीकरण, गोपनीयता, अनुपालन

विचारणा

एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय असा की एखादी इमारत किंवा कर्जरोखे घ्यायचे, त्यांच्या मालकीचे बारीक हिस्से पाडायचे आणि ते ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीवर) टोकन म्हणून विकायचे. त्यातलं एक वाक्य माझ्याकडून असं उतरलं : 'मत्तांच्या टोकनीकरणात गोपनीयता आणि नियामक अनुपालन यांचा समतोल साधणे आवश्यक आहे.' व्याकरणात खोट नाही. पण बाबांना वाचून दाखवलं (ते बरीच वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते), तर म्हणाले, "कोण काय लपवतंय?" आता मलाच ते वाक्य संशयास्पद वाटायला लागलंय. शब्द सुचवा.

उत्तर

बाबांचा कान तयार आहे. मंत्री शपथ घेतात ती 'पद आणि गोपनीयतेची'. तिथे गोपनीयता म्हणजे गुपित फोडणार नाही ही हमी. तुम्हाला म्हणायचंय ते वेगळं आहे : माझ्याकडे चोरण्यासारखं किंवा लपवण्यासारखं काही नसलं तरी माझ्या कपाटात कुणी डोकावू नये. त्याला खासगीपणा म्हणावं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा 'गोपनीयतेचा अधिकार' आणि 'खासगीपणाचा हक्क' असं दोन्ही छापून आलेलं आठवतं. दुर्दैवाने पहिला रुळला.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. 'गोपनीयता' लिहिलंत की 'नियमपालन' तिचं वैरी ठरतं, कारण गुपित आणि तपासणी एकत्र नांदत नाहीत. खासगीपणा आणि तपासणी नांदू शकतात. डॉक्टर तपासतोच की, पण दार लोटून घेऊन.

'अनुपालन' सरकारी टपालात ठीक. बाबांना 'दोषदुरुस्ती अहवाल' म्हणा, लगेच कळेल, पण तो ऑडिट झाल्यावरचा, म्हणजे चूक सापडल्यानंतरची पूर्तता. इथे चूक घडण्याआधीच नियम पाळायचाय. सरळ 'नियमपालन' लिहा. आणि 'मत्ता' खटकत असेल तर सोसायटीच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला काय लिहिलेलं असायचं ते विचारा त्यांना : 'जिंदगी व येणी'. काय शब्द होता! पण 'जिंदगीचं टोकनीकरण' लिहाल तर लोक शायरी समजतील.

उत्तर

टोकन शब्दाला हात लावू नका, पण कुठलं टोकन ते सांगा. मराठी माणसाकडे आज निदान तीन आहेत.

एक, देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तो बिल्ला. त्यावर नाव नाही, नुसता आकडा. जो दाखवेल त्याला चपला. हरवला तर तुमच्या चपला घालून दुसरा घरी जाणार. दोन, कार्डाचं टोकन : ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदारांना तुमच्या कार्डाचा खरा नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याच्या जागी एक बदली आकडा असतो. तिथे टोकनीकरण म्हणजेच झाकणं. तीन, तुमचं हे हिस्स्याचं टोकन. यात झाकलेलं काहीच नाही. उलट खुल्या ब्लॉकचेनवर कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती हिस्से गेले ते जगाला दिसतं. (पत्ता म्हणजे इथे घराचा नव्हे, खाते क्रमांकासारखा आकडा.)

म्हणजे दोन आणि तीन या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध, आणि शब्द मात्र तोच. बँकेचा मेसेज वाचून तयार झालेला वाचक तुमच्या पुस्तिकेत 'टोकनीकरण' वाचेल आणि माहिती आपोआप सुरक्षित झाली असं समजेल. पहिल्या पानावरच 'हिस्स्याचे टोकन' असं लिहून टाका.

उत्तर

मी निवृत्त बँकवाला. ताई, हे सगळं नवं वाटतंय खरं, पण आपल्या पेढ्यांवर याला तयार शब्द होते. नामजोग हुंडी म्हणजे जिच्यात ज्याचं नाव, पैसे त्याला किंवा तो सांगेल त्याला. शहाजोग हुंडी हातोहात फिरायची, पण पैसे मिळायचे ते फक्त शहाला किंवा शहामार्फत. शहा म्हणजे बाजारात पत असलेला, माहितीतला व्यापारी. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर शहाने पैसे परत करायचे, नाहीतर ज्याच्याकडून ती घेतली त्याला उभं करायचं.

वाटेतल्या प्रत्येकाचं नाव पेढीला कळत नसे, पण दारात जबाबदार माणूस उभा असे. तुमचा तो समतोल हाच, नाही का? १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात बाजूला ठेवले होते.

उत्तर

काका, हुंडी आवडली, पण एक दुरुस्ती. मी याच क्षेत्रात प्रोग्रामिंग करतो. नियमन असलेल्या टोकनांसाठी ईआरसी-३६४३ नावाचा एक प्रमाणित साचा आहे. त्यात तपासणी शेवटच्या दारात नाही, प्रत्येक हस्तांतराला होते. घेणाऱ्याची ओळख पटल्याची नोंद नसेल, तर व्यवहार मुळात होतच नाही. म्हणजे हे शहाजोगपेक्षा कडक झालं. दर वळणावर एकेक शहा बसवलाय म्हणा.

खासगीपणा कुठे येतो, तर साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, आधार, पॅन असलं काही जात नाही. ते केवायसी करणाऱ्याकडेच राहतं. साखळीवर एवढीच सही जाते की 'हा पत्ता मी तपासलाय'. वर जारी करणाऱ्याला टोकन गोठवायचे, वेळ पडल्यास दुसऱ्या पत्त्यावर वळवायचेही अधिकार असतात. हे पुस्तिकेत ठळक लिहा, नाहीतर 'माझं टोकन, माझी मालकी' म्हणणाऱ्याला धक्का बसेल.

आता माझी तक्रार. लोक ब्लॉकचेनला सर्रास 'निनावी' म्हणतात. तो टोपणनावी आहे. निनावी पत्राला मागचा-पुढचा माग नसतो. टोपणनावाने लिहिणाऱ्याचं मात्र एकदा खरं नाव फुटलं की जुनं सगळं लेखन त्याच्या नावावर जमा होतं. समजा, इमारतीचं भाडं दरमहा टोकनधारकांच्या पत्त्यांवर जमा होतंय. शेजाऱ्याला मी एकदा माझा पत्ता दिला, की माझ्याकडे किती हिस्से आहेत, कधी घेतले, कधी विकले, सगळं तो चहा पिता पिता बघणार.

यावरचा एक उपाय म्हणजे ज्याचं भाषांतर लोक 'शून्य-ज्ञान पुरावा' असं करतात. ऐकून वाटतं, ज्याला काहीच कळत नाही त्याने दिलेला पुरावा! १९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी ही कल्पना मांडली. गोष्ट उघड न करता ती खरी असल्याचं पटवायचं : जन्मतारीख न सांगता वय अठराच्या वर असल्याचं, शिल्लक न दाखवता ती पुरेशी असल्याचं. मी टीममध्ये 'झाकल्या मुठीचा पुरावा' म्हणतो. मूठ सव्वा लाखाची आहे हे न उघडता सिद्ध करायचं.

उत्तर

'झाकली मूठ' घेतला! मात्र म्हणीतली मूठ बहुधा रिकामी असते, तेवढं सांभाळा.

यादीत एक शब्द राहिला : 'खोडणे'. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती खोडून घ्यायचा हक्क आहे, युरोपच्या कायद्यात तर २०१८ पासून. ब्लॉकचेनवर खोडता येत नाही. म्हणूनच वर म्हटलंय तसं नाव-गाव साखळीबाहेर ठेवायचं. आणि मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली मार्च २०२३ पासून आभासी मालमत्तांचे (क्रिप्टो वगैरेंचे) व्यवहार करून देणारेही आले. त्यांना नोंदी जपून ठेवाव्याच लागतात. एक कायदा म्हणतो खोड, दुसरा म्हणतो ठेव.

सातबाऱ्याने यावर तोडगा काढलाच होता : जुन्या नोंदीला कंस करायचा. नोंद जात नाही, फक्त लागू राहत नाही. टोकन रद्द झाल्याला मी 'कंस झाला' म्हणेन, खेडोपाडी लगेच कळेल. पण सातबारा कुणालाही बघता येतो, तेव्हा खासगीपणाचा धडा त्याच्याकडून घेऊ नका.

मूळ विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार. हुंडी एका चौकटीत घेतेय, संज्ञा म्हणून नाही, कारण आमच्या संपादकांना हुंडी म्हटलं की हवाला आठवतो. 'प्रवास नियम' मात्र काढून टाकला. पैसे पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती व्यवहारासोबत गेली पाहिजे, असा तो २०१९ पासून आभासी मालमत्तांनाही लागू झालेला आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वाचून एसटीतलं सामान डोळ्यांपुढे येत होतं. त्याऐवजी लिहिलं, 'ट्रकबरोबर बिल्टी जाते तशी'.

वाक्य आता असं आहे : 'इमारतीच्या हिस्स्यांची टोकने विकताना कुणाकडे किती हिस्से आहेत हे चारचौघांना दिसू नये, पण नियामकाने कायद्याने विचारले तर दाखवता यावे.'

बाबांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "आणि नियामकाने ते चारचौघांना दाखवलं तर?"

त्याला शब्द नाही, कलम लागेल. पुस्तिकेच्या वकिलांना पाठवलंय.