इट माइट गेट लाऊड: एज म्हणजे नुसते पेडल, हे बोलणं आता बंद करा

सहावी तार

रविवारी भाच्याला बसवून 'इट माइट गेट लाऊड' परत बघितली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, डेव्हिस गुगेनहाइमची २००८ ची डॉक्युमेंटरी आहे, लेड झेपलिनचा जिमी पेज, यूटूचा एज आणि व्हाइट स्ट्राइप्सचा जॅक व्हाइट या तिघांना लॉस एंजेलिसमध्ये एका मोठ्या स्टेजवर गिटारी घेऊन समोरासमोर बसवलंय, आणि मधेमधे प्रत्येकाला त्याच्या जुन्या जागी नेऊन बोलतं केलंय. गिटार शिकणाऱ्या कुणालाही मी हीच फिल्म पहिली दाखवतो.

पण दरवेळी बघून झाल्यावर तेच ऐकायला मिळतं की पेज देव, जॅक म्हणजे नुसती आग, आणि एज म्हणजे पेडलबोर्ड, म्हणजे पायाने दाबायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्यांची फळी. या वेळी भाच्याने पण तेच केलं. तो सीन आठवतो ना, एज 'एलिव्हेशन' गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, वाजवतो, सगळे इफेक्ट लावून, खोली हादरते अक्षरशः, आणि मग इफेक्ट बंद करून दाखवतो की बोटं नक्की काय करतायत, तर जेमतेम दोन-तीन सूर. भाचा म्हणाला, मामा ही तर चीटिंग झाली. मला खरंच वाईट वाटलं. अरे बाबांनो, आख्ख्या फिल्ममध्ये असा खिसा उलटा करून दाखवणारा तो एकटा आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं हे दाखव म्हणून.

आणि त्याचा डिले (वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारं पेडल) म्हणजे बटण दाबलं की झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हिशोब करून बघा. एका मात्रेचे चार भाग करा. तो प्रत्येक दोन भागांनी एक सूर छेडतो, आणि मशीन तोच सूर तीन भागांनी परत पाठवतं. म्हणजे त्याचे सूर शून्य, दोन, चार, सहा असे पडतात आणि प्रतिध्वनी तीन, पाच, सात, नऊ असे. दोन्ही मिळून सगळी घरं भरतात. ऐकणाऱ्याला वाटतं दुप्पट वेगात वाजतंय. हे कुणीतरी आधी डोक्यात ऐकावं लागतं हो, पेडलला काय कळतंय. माझं म्हणणं एवढंच आहे की तिघांत सगळ्यात जास्त विचार करून वाजवणारा एज आहे.

बॉटलनेक

पूर्ण असहमत. फिल्मची सुरुवातच या बोलण्याला उत्तर आहे. जॅक टेनेसीमधल्या एका घराच्या व्हरांड्यात बसलाय, मागे गाई चरतायत, एक लाकडाची फळी घेतो, दोन्ही टोकांना खिळे ठोकतो, एक तार ताणतो, तारेखाली कोकची काचेची बाटली सरकवतो आणि वाजवतो. झालं वाद्य! वर विचारतो की गिटार विकत घ्यावी लागते असं कोण म्हणालं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला थेट आमच्या गावच्या जागरण-गोंधळातलं तुणतुणं आठवलं, एक तार, खाली लाकडी डबा, आणि त्या एका तारेवर रात्रभर माणसं जागी राहतात.

आमच्याकडे उन्हाळ्यात रोज चार-पाच तास लाईट जायची, मी त्याच काळात शिकलो. लाईट गेल्यावर तुमच्या हातात जे उरतं ते तुमचं वाजवणं. एजकडे काय उरतं ते त्याने स्वतःच दाखवलं, तुम्हीच वर लिहिलंय.

जॅक जाणूनबुजून वाकड्या मानेची, ट्यूनिंगमध्ये न राहणारी एअरलाइन ब्रँडची प्लॅस्टिकची गिटार वापरतो, सोपं झालं की त्यातला जीव जातो असं त्याचं मत, आणि मला ते शंभर टक्के पटतं. त्याला सगळ्यात आवडतं गाणं कुठलं तर जुन्या ब्लूज गायक सन हाउसचं, ज्यात गिटारच नाही, नुसता म्हातारा गळा आणि टाळ्या, त्या पण लयीत धड नाहीत. ते रेकॉर्ड ऐकताना त्याचा चेहरा बघा. त्या चेहऱ्यापुढे डिलेच्या मिलिसेकंदांचा हिशोब नका सांगू मला.

सहावी तार

बॉटलनेक, तुणतुण्याचं मनापासून पटलं, पण सीन पूर्ण सांगा ना. त्या फळीवर तो पिकअप (तारेचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग) बसवतो आणि वायर ॲम्पला जोडतो. लाईट गेली तर ती फळी पण कुणाला ऐकू जाणार नाही.

आणि 'सेव्हन नेशन आर्मी'चा तो रिफ, २००३ पासून जगभरच्या फुटबॉल स्टेडियमांत लोक गातायत तो, सगळे म्हणतात काय बेस आहे. तिथे बेस नाहीच. गिटारच आहे, व्हॅमी पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. मग जॅकने वापरलं की आत्मा आणि एजने वापरलं की चीटिंग, असं कसं चालेल?

जुनी कॅसेट

तुम्ही दोघं भांडा, पण पेजसाहेबांना मधून वगळू नका. माझं वय बघता मी त्यांच्याच बाजूचा, हे आधीच सांगतो.

मला फिल्ममधला सगळ्यात मोठा क्षण विचाराल तर तो एकही सूर न वाजवता आहे. पेज घरी गिटारवादक लिंक रेची 'रंबल' ही १९५८ ची रेकॉर्ड लावतात आणि ६४ वर्षांचा तो माणूस हवेत गिटार वाजवायला लागतो, आवाज कुठे थरथरतो ते हाताने दाखवतो, आणि तोंडभर हसू. मी कॉलेजात असताना वाडीबंदरला एका मित्राच्या खोलीवर कॅसेट लावून आम्ही असंच करायचो. पन्नास वर्षांनी पण ते हसू तसंच राहू शकतं हे बघून माझे डोळे भरले, खरं सांगतो.

आणि पेज आपल्या मुंबईत येऊन गेलेत बरं का. १९७२ मध्ये झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांटला घेऊन आले आणि इथल्या फिल्मी वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केलं, ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्यांच्या पहिल्याच १९६९ च्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये तबला आहे, विराम जसानींचा. इतक्या दिशांना कान असलेला दुसरा गिटारवाला त्या खोलीत नव्हता.

मुद्द्यावर येतो. बॉटलनेकशी मी सहमत. पेज 'होल लॉटा लव्ह'चा रिफ सुरू करतात तेव्हा बाकी दोघांची तोंडं बघा, शाळेतली पोरं होतात. तो जोर उजव्या हाताचा आहे. विकत मिळत नाही.

गॅलरीतला ॲम्प

काका, तुमच्याच पेजचं एक उदाहरण देतो, राग मानू नका. फिल्ममध्ये ते हेडली ग्रेंजला जातात, हॅम्पशायरमधलं ते जुनं घर. तिथल्या जिन्याच्या हॉलमध्ये उभे राहून टाळी वाजवून दाखवतात. १९७१ च्या चौथ्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम तिथे वाजलेत, झेपलिनचा ड्रमर बॉनम खाली हॉलमध्ये आणि माइक वर जिन्यात टांगलेले, शिवाय त्यावर एको मशीन लावलेलं. जगात आजपर्यंत सगळ्यात जास्त उचलल्या गेलेल्या ड्रमच्या आवाजांपैकी एक आहे तो. मग तो तीन मजली जिना म्हणजे काय होतं? पेजचं पेडलच होतं की ते! फरक एवढाच की ते घराच्या आकाराचं होतं. एजने तोच जिना डब्यात घालून पायाखाली ठेवला.

आणि हे मी पुस्तकी बोलत नाहीये. लॉकडाऊनमध्ये एक सेकंडहँड डिजिटल डिले घेतला आणि सहावी तार यांनी सांगितलेलाच हिशोब करून बघितला. मेट्रोनोम १२० वर, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंद, डिले ३७५ वर, आणि परत येणारा आवाज मूळ आवाजाइतकाच मोठा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, लोक तो बारीक ठेवतात आणि म्हणतात जमत नाही. पहिले आठ दिवस नुसता चिखल. कारण माझा प्रत्येक सूर केसभर पुढेमागे पडत होता आणि मशीन तो जसाच्या तसा परत माझ्या तोंडावर मारत होतं. साधं वाजवताना या चुका दहा वर्षं लपल्या होत्या, डिस्टॉर्शनखाली, म्हणजे आवाज फाडणाऱ्या इफेक्टखाली, तर काहीही लपतं. नवव्या की दहाव्या दिवशी रात्री एकदम दोन्ही आवाज एकमेकांत बसले, आणि गॅलरीत मी एकटाच, पण दोन माणसं वाजवतायत असं वाटायला लागलं. त्या दिवसापासून कुणी एजला बटणवाला म्हटलं की मी थांबवतो.

१५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईत डीवाय पाटीलला यूटू आले होते तेव्हा मी होतो. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'चं इंट्रो सुरू झालं आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये एक सूर दुसऱ्याच्या जागेवर सांडला नाही.

पाचवा फ्रेट

इतकं सगळं वाचलं, चौघांचंही थोडंथोडं पटतंय, पण मला या फिल्मबद्दल वेगळंच खटकतं आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही. हात की पेडल हा वाद ज्या हातांवरून सुरू होतो ते हात त्या खोलीत कुठे आहेत?

'लेव्ही'चाच विषय निघालाय म्हणून. ते गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२९ चं रेकॉर्डिंग, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. मिनी बाई होती, काळी होती, आणि फर्स्टक्लास गिटार वाजवायची. सिस्टर रोझेटा थार्प इलेक्ट्रिक गिटार खांद्याला लावून चर्चची गाणी अशी वाजवायची की पुढचा सगळा रॉक त्यात ऐकू येतो. फिल्ममध्ये सन हाउस आहे, पण रेकॉर्डवर. खुर्च्या तीन, तिन्हीवर गोरे पुरुष. मी तेरा वर्षांची असताना गिटार क्लासला जायला लागले तेव्हा बॅचमध्ये एकटी मुलगी, आणि सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं की गाणं म्हणायला आलीयेस का. तेव्हा मला कुणी मिनीचं एक गाणं जरी ऐकवलं असतं ना तर खूप वेगळं झालं असतं. म्हणून नवीन मुलांना 'पहिली फिल्म' म्हणून हीच दाखवायची याला माझा विरोध आहे.

जुनी कॅसेट

ताई, तुमच्या सरांनी विचारलं ते चूकच होतं. पण फिल्मवर हा आरोप मला थोडा जास्त वाटतो. ती गिटारचा इतिहास सांगायला निघालेलीच नाही. एकात एक गुंतलेल्या तीन पिढ्या, तीन माणसं, एवढाच तिचा जीव आहे.

पाचवा फ्रेट

काका, तीन माणसंच घ्यायची होती हे मान्य, पण ती तीन कोण हे कुणीतरी ठरवलंच ना. मी फिल्म वाईट म्हणत नाहीये, पोस्टरवर जिमी पेज असला की मी पण बघणारच. मी म्हणतेय की भाच्याला दाखवताना सोबत मिनीचं रेकॉर्डिंग पण लावा, तीन मिनिटांचं काम आहे.

सहावी तार

पाचवा फ्रेट, हे मी खरंच कधी केलं नव्हतं. आज संध्याकाळी लावतो, त्याच्यासमोरच. तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मला आधी सुचायला हवा होता.

पण काका आणि बॉटलनेक, एजवरून मी मागे हटत नाही. डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेतला नोटीसबोर्डचा प्रसंग घ्या. १९७६ मध्ये यूटूचा ड्रमर लॅरी मलनने तिथे चिठ्ठी लावली की बँड काढायचाय, आणि एज ती जागा दाखवतो. त्या पोरांपैकी कुणालाच धड वाजवता येत नव्हतं. ज्याच्याकडे पेजचा उजवा हात नाही त्याने काय करायचं? घरी बसायचं? त्याने स्वतःकडे जे नव्हतं तेच हत्यार केलं, कमीत कमी सूर घेतले आणि त्यांच्यामधली जागा वाजवली. जुन्या फोर-ट्रॅक कॅसेट लावून तो 'स्ट्रीट्स'चा कच्चा खर्डा ऐकवतो, तो ऐका परत. कल्पना सगळी तिथे आहे, कॅसेटच्या खरखरीत.

बॉटलनेक

मान्य करतो की लयीचं मी हलकं घेतलं होतं. गॅलरीतला ॲम्प यांचं वाचून काल मित्राकडचा डिले आणला आणि ३७५ लावून बघितलं, माझा पण चिखलच झाला आणि मी वीस वर्षं वाजवतोय. त्यामुळे चीटिंग म्हणणाऱ्या भाच्याची बाजू मी सोडतो.

पण मन अजून फळीकडेच आहे. ती मी खरंच बनवलीय. जुन्या देव्हाऱ्याची सागाची पाटी होती घरात, साधारण अडीच फूट, तिला दोन खिळे, गिटारची जाड ई तार, आणि खाली बाटली. पहिला खिळा वाकला, तार ताणताना सुटून मनगटाला लागली, मग खिळ्याऐवजी जाड स्क्रू लावला तेव्हा कुठे टिकली. डाव्या हातात औषधाची काचेची बाटली स्लाईड म्हणून. पडदे नाहीत, खुणा नाहीत, सूर फक्त कानाने शोधायचा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, वासुदेव आला का काय दारात. मला यापेक्षा मोठी दाद कुणी दिलेली नाही.

आता ॲम्पला जोडायचीय. पिकअप कुठला लावू? मॅग्नेटवाला महाग पडतोय.

गॅलरीतला ॲम्प

मॅग्नेटवाला नकोच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिएझो डिस्क मिळते, बझरमध्ये असते ती पितळी चकती, अगदी स्वस्त. २७ एमएमची घ्या. पितळेला एक वायर, मधल्या पांढऱ्या भागाला दुसरी, पण पांढऱ्यावर सोल्डरिंग गन दोन सेकंदांच्या वर टेकवू नका, जळतो तो. चकती बाटलीच्या अगदी जवळ पाटीच्या खालून चिकटवा. वायर शिल्डेड वापरा नाहीतर गुणगुण येईल. आणि ॲम्पचा आवाज आधी शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा, पिएझो एकदम किंचाळतो.

बॉटलनेक

आज आणतो. जोडून झालं की तो डिले मित्राला परत करायच्या आधी एकदा या पाटीला लावून बघणार आहे.

सहावी तार

३७५ वर ठेवा, आणि रेकॉर्डिंग टाका इथे.