मुंबई-लंडन: जाताना जास्त वेळ का?
प्रश्न असा की अंतर ७,२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० किमी, मग ते आठ तासांत का पोचत नाही? ते अंतर गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेचं आहे. प्रत्यक्षात बंद हवाई हद्दी टाळत वळसा पडतो, शिवाय धावपट्टीपर्यंतची रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या घिरट्याही वेळापत्रकात धरलेल्या असतात. खरा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. लंडनला जाताना ते समोरून येतात, म्हणून साडेनऊ-दहा तास; येताना मागून, म्हणून तासभर कमी.

आई-बाबा जाणार असतील तर औषधांच्या वेळा घड्याळावर नको, तासांवर मोजून द्या. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं.