दिल्लीचे सण-सोहळे : मराठवाड्यातून गेलेल्यांनो, तुम्ही काय काय पाहिलंत?

माझी भाची जूनमध्ये स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी दिल्लीला करोलबागला गेली. परवा फोनवर म्हणाली, मामा, सणवार आले की रूमवर लई भकास वाटतं, इथं आपलं कोणीच नाही. तिला काय सांगावं तेच सुचेना, कारण मी पण 2011 ते 2015 अशी चार वर्षं राजेंद्रनगरात काढली आणि रूम, लायब्ररी, मेस याच्यापलीकडं काही बघितलंच नाही. 26 जानेवारीला विमानांचा आवाज आला की गच्चीवर जायचं, ती गेली की खाली येऊन परत वाचत बसायचं. पोस्ट मिळाली नाही त्याचं दुःख कधीच गेलं पण याची हळहळ अजून आहे.

सांगण्यासारखी एकच आठवण आहे, 17 सप्टेंबरची. आम्ही मराठवाड्यातली नऊ पोरं एका गल्लीत राहायचो, त्या सकाळी मालकाच्या गच्चीवर झेंडा लावला. शेजारचा हरियाणाचा पोरगा विचारायला लागला की 15 ऑगस्ट होऊन महिना झाला, आज काय? त्याला सगळं सांगितलं, निजाम, रझाकार, आम्ही तेरा महिने उशिरा 1948 ला मोकळे झालो ते. पुढच्या वर्षी तो आपण होऊन जिलेबी घेऊन वर आला.

तर परभणी, नांदेड, बीड, लातूर, कुठलेही असा, शिकायला, नोकरीला, माल विकायला, ज्या कामानं गेला असाल, दिल्लीचा दरवर्षीचा जो सण, मेळा, सोहळा डोळ्यांनी बघितला तो लिहा. गूगलवरचं नको. भाचीला हा धागाच पाठवणार आहे.

तुळजापूर

दादा, मी 2023 ची परेड पाहिली, कर्तव्यपथावर बसून. भाऊ तिकडं नोकरीला, त्यानं 20 रुपयांची तिकिटं काढलेली. पहाटे चारला उठलो, थंडी अशी की स्वेटरवर शाल, त्याच्यावर मिस्टरांचं जाकीट, तरी दात वाजत होते, आणि धुकं. परेड साडेदहाला सुरू झाली. सैन्याच्या तुकड्या झाल्या, एकेका राज्याचे चित्ररथ यायला लागले आणि मग आपला आला. साडेतीन शक्तिपीठं! त्यातली दोन तर आपल्या मराठवाड्यातली, माझी भवानी आणि माहूरची रेणुका. संबळ कानावर आला आणि मी उभीच राहिले, मागच्या बाई म्हणतायत बैठ जाइए, मला बसताच येईना. माझी सासू आराधी होती, आयुष्यभर गळ्यात कवड्याची माळ, तिनं तुळजापूरच्या बाहेर पंढरपूर सोडून काही बघितलं नाही आणि तिची देवी राष्ट्रपतींसमोरून चालली होती.

एक सांगते, ते लई जणांना माहीत नसतं. परेड झाल्यावर चित्ररथ लाल किल्ल्यावर ठेवतात, 31 तारखेपर्यंत भारत पर्व नावाचा मेळा असतो तिथं, फुकट. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, देवीपासून चार हातांवर उभी होते. पर्समध्ये कुंकवाची डबी होती पण वहायचं धाडस झालं नाही, नुसते हात जोडले. तिथला शिपाई बाजूला सरकून उभा राहिला. नंतर कळलं की आपल्या चित्ररथाला देशात दुसरा नंबर मिळाला.

परभणी (धागाकर्ता)

ताई, तिकिटं कधी निघतात तेवढं सांगा, भाची विचारतेय.

तुळजापूर

जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बघत राहायचं, 20 ची आणि 100 ची असतात, आमंत्रण नावाची सरकारी वेबसाईट आहे. ओरिजिनल आयडी लागतो. तिला म्हणा 29 तारखेचं विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट पण सोडू नको, संध्याकाळी असतं, नुसते बँड.

छत्रपती संभाजीनगर

मी 14 एप्रिलबद्दल लिहिणार. आमचं लहानपण नागसेनवनातलं, वडील मिलिंद कॉलेजचे, जयंती म्हणजे भडकल गेटची मिरवणूक, रात्रभर गाणी, निळा गुलाल. नोकरीनिमित्त दिल्लीला गेलो तेव्हा पहिल्या वर्षी वाटलं आता इथं कुठली जयंती, नवे कपडे घालून घरीच बसावं लागणार. ऑफिसातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, सकाळी संसद मार्गावर जा.

गेलो तर रस्ता भरलेला. हरियाणा, पंजाब, यूपीची माणसं, ट्रॅक्टरवर, बसनं, पायी. दोन्ही बाजूंनी पुस्तकांचे स्टॉल, बिल्ले, फोटो, कोणी पुरी-भाजी वाटतंय, कोणी सरबत. आणि संसदेच्या आवारातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला लांबलचक रांग. एरवी ज्या दरवाज्यातून पासशिवाय चिटपाखरू आत जात नाही तिथून त्या दिवशी शेतमजूर बायका चपला हातात घेऊन आत चालल्या होत्या. माझ्या पुढं पंजाबातले एक म्हातारे होते, मी औरंगाबादचा म्हणल्यावर त्यांनी विचारलं, वो कॉलेज वाला औरंगाबाद? बाबासाहेबांनी 1950 ला काढलेलं आमचं मिलिंद कॉलेज त्यांना माहीत होतं. मी वडिलांना तिथूनच फोन लावला आणि म्हाताऱ्यांना दिला. एकाला धड मराठीशिवाय येत नाही, एकाला पंजाबीशिवाय, तरी दोघं पाच मिनिटं बोलले. शेवटचा जय भीम दोघांनाही कळला.

तिथून 26, अलीपूर रोडला पण जा. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले ती जागा. 2018 पासून तिथं राष्ट्रीय स्मारक आहे, उघड्या पुस्तकासारखी इमारत. सिव्हिल लाइन्स मेट्रोवरून जवळ. तुमच्या भाचीला एकटं वाटतंय ना, 14 एप्रिलला जाऊ द्या, वाटणार नाही.

हिंगोली

नमस्कार. मी बचत गटातली, शिकलेली जास्त नाही, मुलगी टाईप करून देतेय. उमेदकडून, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाकडून, आमच्या गटाची निवड झाली आणि नोव्हेंबरात प्रगती मैदानावर जो मोठा व्यापार मेळा भरतो, 14 ते 27 तारखेचा, त्यात सरसच्या, म्हणजे बचत गटांच्या मालाच्या दालनात आम्हाला स्टॉल मिळाला. चौघी गेलो. सगळ्या राज्यांच्या बाया तिथं असतात, आमच्या एका बाजूला आसामच्या, एका बाजूला राजस्थानच्या. आम्ही नेली हळद, वसमतकडची, आता तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, शिवाय बाजरीच्या खारोड्या, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. पहिले दिवस धंदेवाल्यांसाठी असतात तेव्हा गिऱ्हाईक कमी आणि काळजी जास्त, परतीचं ओझं डोळ्यासमोर यायला लागलं. मग सगळ्यांना सोडायला लागले आणि श्वास घ्यायला वेळ नाही.

एक बाई आली, चिमूटभर हळद तळहातावर घेतली, चोळली, वास घेतला आणि माझा हात धरून उलटा करून बघितला. नखं पिवळी, रेषांत पिवळं, आठ दिवस झाले घरातनं निघून तरी गेलं नव्हतं. म्हणाली दो किलो दे दो. भाव विचारलाच नाही. हा प्रसंग मी गटाच्या प्रत्येक मिटिंगला सांगते.

खारोडी कशी खायची ते लोकांना कळेना म्हणून राजस्थानच्या बायांकडनं कढई मागितली आणि तळून वाटायला लागलो, तीन दिवसांत संपल्या. आम्ही त्यांना खारोड्या दिल्या, त्यांनी आम्हाला केर सांगरी दिली. यावर्षी कोणी जाणार असेल तर घोंगडी न्या आणि सुट्टे पैसे ठेवा, नाहीतर क्यूआर तरी.

जालना

माझं थोडंच आहे. रामलीलेला सगळे लाल किल्ल्याच्या मैदानात जातात, जा, पण दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी टागोर गार्डनजवळ तितारपूरला पण जा. रावण तिथं तयार होतात, फुटपाथवर, पुलाखाली, बांबूच्या कामट्या आणि कागदाचे. एका जागी नुसती डोकी ओळीनं वाळत ठेवलेली, दुसरीकडं मिशा. मी तासभर बघत बसलो, कामट्या बांधायची गाठ आमच्या बुरुड आळीत टोपल्याला मारतात तीच. दसऱ्याला आपट्याची पानं मिळाली नाहीत ते मात्र लागलं मनाला.

खुलताबाद

हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यातली बसंत कोणी पाहिलीय का? मी जामियाला शिकत असताना तीन वर्षं गेलो. वसंत पंचमीच्या सुमाराला असते. गोष्ट अशी सांगतात की निजामुद्दीन औलियांचा लाडका भाचा वारला, ते कोणाशी बोलेनात, हसेनात. अमीर खुसरोंनी बाया पिवळे कपडे घालून सरसोंची फुलं घेऊन देवळाकडं चाललेल्या बघितल्या, स्वतः तसाच वेश केला आणि गात गुरूसमोर गेले, गुरू हसले. तेव्हापासून दर्ग्यात त्या दिवशी सगळं पिवळं. कव्वालांच्या डोक्यावर पिवळे पटके, हातात सरसों, गल्लीतून गात येतात, आणि गल्ली एवढी अरुंद की गाणं दोन्ही भिंतींना घासून पुढं सरकतंय असं वाटतं.

मला हे परकं वाटलंच नाही कारण निजामुद्दीनांचे मुरीद म्हणजे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब, त्यांचा दर्गा आमच्या गावात आहे. 1327 ला तुघलकानं राजधानी दौलताबादला नेली त्या काळात ही मंडळी दिल्लीतून इकडं आली ती कायमची. खुसरोंचा दोस्त कवी अमीर हसन, त्याची पण कबर आमच्याकडं. एक दोस्त तिकडं गुरूच्या पायाशी, एक इकडं डोंगरावर. तिथल्या एका खादिमांनी विचारलं कहाँ से हो, मी म्हणलं खुल्दाबाद, तर त्यांनी गळ्यातला पिवळा दुपट्टा काढून मला दिला. अम्मीनं तो अजून कपाटात घडी घालून ठेवलाय. धागाकर्ते परभणीचे आहेत म्हणून सांगतो, तुराबुल हक बाबांच्या उरुसाला जसे सगळे जातात तसेच तिथं पण सगळे येतात, भाचीला मैत्रिणींबरोबर बिनधास्त पाठवा.

आणि पावसाळा सरल्यावर मेहरौलीला फूलवालों की सैर असते, फुलांचा पंखा योगमायेच्या देवळात पण चढतो आणि बख्तियार काकींच्या दर्ग्यात पण. इंग्रजांनी 1942 ला बंद पाडली होती, स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या काळात पुन्हा सुरू झाली.

नांदेड

आम्ही दर दोन-तीन वर्षांनी प्रकाशपर्वाला दिल्ली करतो, सचखंड एक्सप्रेसनं. त्या गाडीला वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, डबा-ताट घरून घेऊन जायचं, गाडी थांबली की सेवेकरी दाळ-भात, कढी वाढतात. चांदणी चौकात सीसगंज साहिबला गेलो की मला दरवेळी भरून येतं, 1675 ला गुरू तेगबहादुरांना जिथं शहीद केलं ती जागा. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंगजी आमच्या गोदावरीकाठी 1708 ला ज्योतीत विलीन झाले. बापाच्या जागेवरून निघायचं आणि लेकाच्या जागेवर उतरायचं, आमच्या गाडीचा प्रवास असा आहे.

लातूर

विश्व पुस्तक मेळा, प्रगती मैदान. 1972 ला सुरू झाला, आधी वर्षाआड भरायचा, 2013 पासून दरवर्षी. मेट्रोचं स्टेशन सुप्रीम कोर्ट. मी शिक्षक आहे, शाळेसाठी दोन पोती पुस्तकं आणली. शेवटच्या दिवशी सूट जास्त असते पण पोरांची चांगली पुस्तकं तोवर संपलेली असतात, म्हणून मधल्या वारी जा.

बीड

मी छठबद्दल लिहितो. माझा रूममेट दरभंग्याचा. दिवाळीला मी गावाकडं जायचो नाही कारण जाऊन उपयोग नसायचा, आईवडील कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला, दिवाळी झाली की टोळी निघायची, घराला कुलूप. तो म्हणाला मावशीकडं चल, बुराडीला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या दिवशी उगवत्याला. मावशीचा 36 तास निर्जळी उपवास. वस्तीजवळ मोठा खड्डा खणून पाणी भरलेलं, तोच घाट. कमरेएवढ्या गार पाण्यात बाया सूप हातात धरून उभ्या, सुपात केळी, नारळ, ठेकुआ, दिवा. आणि काठावर पाच ऊस उभे करून वर बांधलेले, वाढ्यासकट, म्हणजे वरच्या हिरव्या शेंड्यासकट. आमच्याकडं वाढं म्हणजे बैलांचा चारा, फडात एका घावात उडवायचं असतं. इथं त्याच्याखाली दिवे लावलेले आणि माणसं वाकून पाया पडत होती. मला पाण्याकडं बघवेना, मी उसाकडंच बघत होतो.

पहाटे अर्घ्य झाल्यावर प्रसादाला ऊस सोलायचा होता, पोरांना जमेना, मी सुरी घेतली आणि भराभर कांड्या पाडल्या. मावशीनं विचारलं कुठं शिकलास, मी सांगितलं आईवडील ऊसतोड करतात. ती काही बोलली नाही. निघताना एक वेगळी पिशवी दिली ठेकुआची, माँ के लिए.

पंधरा दिवसांनी मी सुट्टी काढून कारखान्यावर गेलो. आईनं कोपीसमोर बसून ठेकुआ खाल्ला, म्हणाली आपल्या शंकरपाळ्यावानीच लागतंय की. मग मी उसाचं सांगितलं. तिनं हातातला तुकडा खाली ठेवला आणि दोनदा विचारलं, वाढ्यासकट?