पतसंस्थेचा ताळेबंद ब्लॉकचेनवर: सभासदाने पडताळायचा कसा?

खानापूरकर: आमच्या पतसंस्थेला दरमहा ताळेबंदाची पीडीएफ मागाहून बदलता येऊ नये असं हवंय. आख्खी फाईल ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या, मागाहून न बदलता येणाऱ्या नोंदवहीत टाकायची का?

निपाणीचा_नोड: नको हो! फक्त फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढा, म्हणजे फाईलमधून गणिताने निघणारा ठसा, ६४ अक्षरं. फाईल जराही बदलली की तो बदलतो. ओपनटाइमस्टॅम्प्स या वेळेचा पुरावा देणाऱ्या साधनाने तो बिटकॉइनच्या ब्लॉकचेनमध्ये नोंदवा. त्याचा पुरावा, म्हणजे एक .ओटीएस फाईल, लगेच मिळतो, पण अपुरा. काही तासांनी तो 'अपग्रेड' करायलाच हवा, म्हणजे बिटकॉइनमधल्या नोंदीचा तपशील त्यात जोडून पूर्ण करायला हवा. हेच लोक विसरतात. मग पीडीएफ आणि पुरावा दोन्ही सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, डॉक्युमेंट म्हणून. सभासदाने आपल्याकडच्या पीडीएफचा हॅश पुराव्याशी जुळवून पाहायचा. फोटो काढून पाठवलात तर हॅश जुळणारच नाही.

खानापूरकर: कन्नड आणि मराठी अशा दोन प्रती असतात.

निपाणीचा_नोड: मग दोन हॅश. एक्सेलमधून पुन्हा पीडीएफ काढली तरी आत तयार केल्याची वेळ बदलते, हॅशही बदलतो. मूळ फाईलच जपा.

हिशेबतपासनीस: सभासदांचे मोबाइल नंबर नुसते हॅश करून जाहीर करू नका. दहा आकडी नंबर साधा संगणकही सगळे पर्याय चालवून शोधतो. हॅश काढण्याआधी प्रत्येकाला वेगळा, गुप्त, यादृच्छिक सॉल्ट, म्हणजे जादा अक्षरांचा तुकडा, जोडा. आणि मुळात आकडाच खोटा लिहिला असेल, तर बिटकॉइन तो खोटा आकडाच इमानेइतबारे जपेल. व्हाउचर तपासणी सुटत नाही.